गावकामाचं सरकारी अनुदान: पैसा येतो ओ, पण उतारा आधी काढा (5 पैकी 3 स्टार)

3 स्टार देतोय. दोन पैशाला, कारण पैसा खरंच आला, आणि एक आमच्या पंचायतीच्या पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) मॅडमना, त्यांनी फाईल लावून धरली नसती तर हा रिव्ह्यू लिहायची वेळच आली नसती. बाकीचे दोन का कापले ते खाली येतंच. कर्नाटकातल्या खानापूर, बेळगाव, निपाणी भागातल्या युवक मंडळांना आणि भजनी मंडळांना उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहूलालोय.

काम होतं गावातल्या जुन्या वाचनालयाचं. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, आणि पावसाळ्यात आत बादल्या मांडून मधल्या कोरड्या जागेत पेपर वाचायचा. वर्गणी काढावी तर गणपतीची, यात्रेची, कुस्त्यांची आधीच चालू असते, लोक किती देणार, म्हणून म्हटलं सरकारचं बघू.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, हा पैसा मंडळाच्या खात्यावर येत नाही. आमच्यातली निम्मी माणसं चेक येणार म्हणून बसली होती. आमदार फंडाचे वर्षाला 2 कोटी, खासदार फंडाचे 5 कोटी, पण आमदार-खासदार फक्त शिफारस करतात, मंजुरी डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसातून आणि काम सरकार ठरवेल ती एजन्सी करते. आणि 2 कोटी ऐकायला लई वाटतात, पण खानापूरसारख्या जंगलात पसरलेल्या मतदारसंघात वाड्यावस्त्या किती आहेत ते जरा मोजा, मग आपल्या वाट्याला काय येणार ते कळेल. खासदार फंडातून तर देवस्थानाच्या आवारातलं काम चालतच नाही, त्यामुळं देवळाला मंडप पाहिजे असला तर तिकडं जाऊ नका, कागदावर त्याला समुदाय भवन म्हटलं तरी जागा कुणाची ते बघतातच.

तिसरा रस्ता आपल्या पंचायतीचाच, आणि माझ्या मते लहान कामाला हाच बरा. केंद्राकडून पंचायतीला येणाऱ्या 15व्या वित्त आयोगाच्या पैशात (2021-26) 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले, 40 टक्के मोकळे, अशी वाटणी होती. विहिरीचा गाळ, गटार, पाण्याची टाकी असलं काम असेल तर बांधलेल्या पैशातून मागा, तिकडं मागणारे कमी असतात, सगळे रस्ता रस्ता करत मोकळ्या पैशावर तुटून पडतात. पण वॉर्ड सभेत आणि ग्रामसभेत ठराव पाहिजे. ह्या सभा सहा महिन्यांतून एकदा तरी घ्यायच्याच असतात, तेव्हा तोंड उघडायचं, नंतर कट्ट्यावर बसून शिव्या घालून काय उपयोग नाही. अर्ज आणि ठराव कन्नडमधून, त्याची अडचण नाही, पोरं लिहितात, पण मराठीतून एकदा सभेत वाचून दाखवा नाहीतर म्हातारी माणसं सही करत नाहीत आणि त्यांचं पण काय चुकतंय.

सीमाभागासाठी कर्नाटक सीमाप्रदेश विकास प्राधिकरण म्हणून वेगळं आहे, 2010 च्या कायद्यानं झालेलं. आम्ही त्या वाटेनं गेलो नाही, त्यामुळं त्याबद्दल बरं-वाईट काही लिहीत नाही.

आता पहिला स्टार कुठं गेला, तर जागेत. वाचनालय आजोबांच्या काळापासून गावाचं, सगळ्यांना माहीत, पण जागा कागदावर मूळ देणाऱ्याच्याच नावावर! त्यांची नातवंडं पुण्यात आणि गोव्यात. सरकारी पैसा खाजगी जागेवर घालता येत नाही, बरोबरच आहे, पण हे सांगायला एका कचेरीत आम्हाला महिनोन्महिने लागले. आधी एस्टिमेट आणा, मग फोटो आणा, मग ठरावाची नवीन प्रत आणा, आणि सगळं झाल्यावर साहेब म्हणतात, "जागेचा उतारा कुठाय ओ?" अरे मग पहिल्याच दिवशी विचारायचं नव्हतं काय. शेवटी नातवंडांनी बक्षीसपत्र करून दिलं, जागा पंचायतीच्या नावावर झाली, ई-स्वत्तूवरून (पंचायतीच्या मालमत्तांची सरकारी ऑनलाइन नोंद) फॉर्म 9 म्हणजे जागेचा उतारा निघाला आणि त्यानंतर फाईल अशी पळाली की विचारू नका.

दुसरा स्टार वेळेत आणि छपरात गेला. 2024 ला 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, आपल्याकडं मतदान 7 मे ला, निकाल 4 जूनला. त्या काळात नवीन काम सुरू करता येत नाही. आणि जून म्हणजे खानापूरचा पाऊस. झालं, दसऱ्यापर्यंत सुट्टी. निवडणुकीच्या वर्षात मंजुरी घेणार असाल तर वर्क ऑर्डर फेब्रुवारीच्या आत हातात आणि काम सुरू झालेलं पाहिजे, नाहीतर ते वर्ष सोडून द्या.

पैशाचं गणित पण बघा. 5 लाख मंजूर म्हणजे 5 लाखाचं काम नव्हे. त्यातच 18 टक्के जीएसटी धरला तर कामाला सव्वाचार लाखाच्या आत राहतात, वर 1 टक्का लेबर सेस (बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठीचा कर) बिलातून कापतात, ठेकेदाराचा नफा वेगळाच. म्हणून आमचं फरशीचं काम अर्ध्यावर आलं, पुढच्या खोलीत गुळगुळीत टाईल्स आणि मागच्या खोलीत नुसता कोबा.

आणि छप्पर. खानापूरची कौलं एवढी नावाजलेली, आणि आमच्या एस्टिमेटमध्ये पत्रा! विचारलं तर म्हणे मेंटेनन्स कमी. गळती थांबली हे कबूल, भिंती पण आता ओल धरत नाहीत, पण एप्रिलच्या दुपारी आत बसवत नाही आणि पाऊस लागला की शेजारचा काय बोलतोय ते ऐकू येत नाही. एस्टिमेट मंजूर होण्याआधी जेईंना (ज्युनियर इंजिनिअर) भेटून एकेक आयटम वाचून घ्या, नंतर बदल म्हणजे फाईल परत पहिल्या टेबलावर. मोजमाप लिहायला जेई येतील तेव्हा मंडळाचा एक माणूस टेप धरायला हजर ठेवा, बिल त्यावरच निघतं. आमचा पोरगा उभा होता म्हणून मागच्या भिंतीचा राहिलेला गिलावा तिथंच पकडला आणि तो करून घेतल्यावरच मोजमाप लिहिलं गेलं.

कपाटं, खुर्च्या, पेपरचं बिल ह्यातलं काही आमच्या मंजुरीत बसलं नाही, ते वर्गणीतूनच चाललंय. एस्टिमेट कसं दिसतं ते कुणाला बघायचं असलं तर सांगा, फोटो टाकतो.