रियाजाचं टार्गेट देणारं ॲप: तबल्याच्या क्लासला चालतं का?

ठाण्यात पाचपाखाडीला माझा तबल्याचा क्लास आहे, मुलं बहुतेक गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांना बसणारी, प्रारंभिक ते मध्यमा. एका पालकांनी आग्रह केला म्हणून हे रियाजाचं ॲप घेतलं. नाव घेत नाही, कारण पुढे बरीच किरकिर आहे. काम साधं, आपण आठवड्याचा गृहपाठ टाकायचा, मुलाने घरी वाजवून टिक मारायची, हवं तर रेकॉर्डिंग पाठवायचं.

"रोज अर्धा तास रियाज" असं टाकणार असाल तर घेऊच नका. टायमर चालू, मोबाईल पलंगावर आणि पोरगं खाली क्रिकेट खेळतंय, वर ॲप शाबासकी देतंय! टाकायचं तर नेमकं टाका: 'धाधा तिट धाधा तूना' कायदा (म्हणजे ठरलेल्या बोलांची रचना), पहिले दोन पलटे (त्याच बोलांचे फेरफार), आधी बराबर मग दुगुन, म्हणजे दुप्पट वेगात, लय ७० (मिनिटाला ७० मात्रा), एक मिनिटाचं रेकॉर्डिंग.

आणि रेकॉर्डिंग हीच खरी कामाची गोष्ट. घोडबंदरवरून येणारी एक मुलगी क्लासमध्ये छान वाजवते, घरचं ऐकलं तर दुगुनीत दर वेळी तिटमधला 'ट' खाल्लेला. क्लासमध्ये मी सोबत वाजवत असतो त्यात ते झाकलं जायचं. मग पुढच्या आठवड्याला तिला फक्त तिट, लय ५०, बाकी सगळं बंद, आता येतोय 'ट' स्वच्छ.

आता किरकिर. वाद्यांच्या यादीत पियानो, गिटार, व्हायोलिन, आणि आपण कुठे, तर 'इतर'मध्ये. मेट्रोनोममध्ये सोळा मात्रा लावता येतात पण सगळी टकटक सारखीच, सम, म्हणजे पहिली मात्रा, कुठली आणि तीनतालात नवव्या मात्रेला खाली (टाळीऐवजी रिकामा हात) आली का काही पत्ता नाही, मग तिहाई, म्हणजे तीनदा वाजवायचा तुकडा, समेवर आली की नाही हे पोराने ओळखायचं कसं? शेवटी लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनात फिरत राहणारी धून, दुसऱ्या फोनवर लावायला सांगतो. ज्यांच्या घरी दुसरा फोन नाही त्यांनी हातावर टाळी-खाली धरून आधी बोल म्हणायचे, तसंही ते व्हायलाच हवं म्हणा.

बरं, ॲप असतं आईच्या फोनवर, आई ऑफिसमधून ठाणे स्टेशनला उतरून घरी येणार आठ-साडेआठला, तोवर पोराला झोप आलेली, आणि त्यात 'गोल मिस्ड' असं नोटिफिकेशन, ते पहिल्यांदा बंद करा.

पाचपैकी तीन. मोजकी मुलं असतील तर फुकटातलं पुरतं, पैसे भरून घ्यायचं तर आधी ठेका येऊ दे त्यात. परीक्षेच्या आधीचे दोन महिने मात्र वापरा, तेव्हा उपयोग होतो.