पिकअपवरील फेरफारांचा दहा महिन्यांचा अनुभव आणि दोन मीटर नळी

मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे मागची चाके फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीचा, तेल भरण्याचा बोल्ट उघडून करंगळी आत घातली, तेव्हा बोटाला लागलेले तेल साबणाच्या फेसासारखे पिवळट राखाडी होते. आत पाणी शिरले आहे हे सांगायला कोणत्याही यंत्राची गरज नव्हती. गाडी घेऊन दहा महिने झाले होते आणि तोपर्यंत मी ती सुमारे 50 मिलिमीटर उंच केली होती, मोठे टायर बसवले होते, स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारा पाइप) लावले होते आणि इंजिनाखाली जाड पत्र्याचे कवचही ठोकले होते. स्नॉर्कल बसवण्यासाठी मडगार्डला भोक पाडताना माझा हात थरथरला होता. त्याच दिवशी मागच्या अॅक्सलच्या (दोन चाकांमधल्या आसाच्या) हवेच्या तोंडाला दोन मीटर रबरी नळी जोडून वर नेली असती, तर हा लेख लिहावाच लागला नसता.

पाणी कसे शिरते हे समजून घेतल्यावर स्वतःच्या प्राधान्यक्रमाची लाज वाटते. बराच वेळ चाललेल्या गाडीचे डिफरन्शियल चांगलेच तापलेले असते. ते ओढ्याच्या थंड पाण्यात बुडाले की आतली हवा एकदम आकसते, पोकळी निर्माण होते आणि ती भरून काढण्यासाठी मिळेल त्या वाटेने बाहेरचे पाणी आत ओढले जाते. हौसिंगवर, म्हणजे त्याच्या बाहेरच्या कवचावर, ब्रीदरची (हवेच्या वाटेची) छोटी टोपी असते खरी, पण माझ्या गाडीत ती हवा फक्त बाहेर सोडणारी आहे, आत घेणारी नाही. त्यामुळे टोपी धडधाकट असली तरी ओढ सगळी ऑइल सीलवर, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यांवर येते. टोपी चिखलाने बंद झाली असेल तर दुहेरी नुकसान होते: गाडी तापल्यावर दाब वाढून तेल सीलमधून ब्रेककडे जाते आणि थंड झाल्यावर पाणी आत येते. स्नॉर्कल इंजिनाचा श्वास उंचावरून घेते, पण अॅक्सलचा श्वास चाकाच्या उंचीवरच राहतो, ही साधी गोष्ट मी दहा महिने डोळ्यांआड केली.

या दुर्लक्षात सर्व्हिस केंद्राचाही वाटा आहे. त्याआधीच्या नियोजित तपासणीत मागचे तेल बघा असे मी तोंडी सांगितले होते आणि जॉबकार्डवर त्या रकान्यात बरोबरची खूण करून मिळाली होती. मी स्वतः बोल्ट उघडायला गेलो तेव्हा त्याच्या षटकोनी खाचेत वाळलेला चिखल जसाच्या तसा होता. पाना तिथे लागलाच नव्हता. छायाचित्र दाखवल्यावर उत्तर मिळाले, ‘पाण्यात घातलेली गाडी हमीत बसत नाही.’ मी हमी मागितलीच नव्हती. ज्या खुणेचे पैसे घेतले, ती खूण कशाच्या आधारे केली एवढेच विचारत होतो.

त्यामुळे काम स्वतः केले. आधी भरण्याचा बोल्ट उघडावा आणि मगच खालचा, कारण खालून तेल सोडून दिल्यावर वरचा बोल्ट अडकला तर गाडी जागच्या जागी बसते. गाडी रात्रभर उभी होती म्हणून खालून प्रथम चहाच्या कपभर स्वच्छ पाणी आले आणि त्यामागून तो फेस. गिअरने घुसळलेले तेल-पाणी एका निथळण्यात वेगळे होत नाही, म्हणून नवे 80डब्ल्यू-90 गिअर ऑइल भरून थोडे अंतर चालवून पुन्हा सोडले आणि तिसऱ्यांदा भरले. वाया गेलेले ते तेल मला आजही टोचते.

नळी बसवतानाही एक चूक झाली. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना नळी नीटनेटकी ताणून बसवली आणि पहिल्याच खड्ड्यात एक चाक लटकल्यावर ती तोंडापासून निसटली. जॅक चासीला लावून अॅक्सल पूर्ण लोंबकळू द्यावा आणि मग लांबी ठरवावी. नळी तेल सोसणाऱ्या रबराची हवी, ती ब्रेकच्या पाइपाला बांधू नये आणि मध्ये कुठे झोळ राहू देऊ नये, कारण झोळात तेल साचून वाट बंद होते. वरचे टोक मी मागच्या दिव्याच्या पाठीमागे नेले असून एकदिशा टोपी काढून तिथे छोटे फिल्टर लावले आहे.

टायरांबद्दलचे मत मात्र मला बदलावे लागले. 245/70 आर16 काढून 265/75 आर16 घातल्यावर मायलेज कोसळले म्हणून मी चार महिने चिडचिड केली. नंतर हिशेब मांडला: व्यास सुमारे 749 मिलिमीटरवरून 804 झाला आहे, म्हणजे सात टक्क्यांहून थोडा जास्त. गाडी 1000 किलोमीटर दाखवते तेव्हा प्रत्यक्षात 1070 च्या पुढे गेलेली असते. डिझेल पूर्ण मोजायचे आणि अंतर मात्र कमी धरायचे, असा माझा हिशेब चालला होता. टायर जड आहेत आणि थोडे जास्त पितात हे खरे, पण माझ्या निम्म्याहून अधिक तक्रारीचे मूळ त्या आकड्यात होते. याची उलट बाजू म्हणजे काटा 80 वर असताना वेग 86 च्या आसपास असतो. टायरमुळे पोटाखालची उंचीही व्यासातल्या वाढीच्या निम्म्यानेच, म्हणजे 27 मिलिमीटरच वाढली, याचीही नोंद घ्यावी.

उंचीच्या किटबद्दल फार सांगण्यासारखे नाही. स्प्रिंगच्या पाट्या अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्यावेत आणि काही दिवस चालवून पुन्हा आवळावेत. माझे दोन नट पाऊण फेरा फिरले.

नळी लावल्यानंतर तीन वेळा पाणी ओलांडले आणि दर वेळी करंगळी घालून पाहिली. तेल स्वच्छ आहे. मात्र उजव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा पुसट ओघळ दिसतो. सील बदलायचे तर बेअरिंग प्रेसवर दाबून काढावे लागेल, आणि प्रेस माझ्याकडे नाही. तेवढ्यासाठी गाडी पुन्हा त्याच केंद्रात न्यावी लागणार आहे. नेण्यापूर्वी भरण्याच्या बोल्टावरून हौसिंगपर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवली आहे.