टेलिफोटो झूम हातात धरताना: कॉलरचा पाय की झूम रिंग?

सुमारे 2 किलो वजनाची 150-600 मिमी झूम लेन्स ट्रायपॉडविना वापरताना डावा हात कुठे असावा, याचे दोन पर्याय आहेत. ट्रायपॉड कॉलरचा (लेन्सभोवतीच्या, ट्रायपॉडला जोडायच्या फिरत्या कड्याचा) पाय तळहातावर टेकवला, तर भार समतोलबिंदूजवळ पेलला जातो आणि कोपर बरगड्यांना टेकवता येत असल्यामुळे दंड लवकर भरून येत नाहीत. मात्र बोटे झूम रिंगपर्यंत पोहोचतीलच असे नाही. याउलट कॉलर फिरवून पाय वरच्या बाजूला घेतला आणि हात पुढे नेऊन रिंगखाली धरला, तर उडत्या पक्ष्यामागे लेन्स सहज वळते आणि झूमही हाताशी राहतो, पण हात लांबल्यामुळे खांद्यावर ताण येतो. झूम करताना नळी बाहेर येणाऱ्या लेन्सचे वजन 600 मिमीला पुढे सरकते, तेव्हा मला ही दुसरी पकडच खात्रीची वाटते. सोनी 200-600 मिमीसारख्या अंतर्गत झूमच्या (झूम करताना नळी बाहेर न येणाऱ्या) लेन्समध्ये समतोल फारसा ढळत नाही, म्हणून फांदीवर स्थिर बसलेल्या खंड्यासाठी तिथे पहिली पकड पुरते. (वर घेतलेला तो पाय, चालताना लेन्स मुठीत धरून नेण्यासही सोयीचा पडतो.)