चिनी खाऊचा मिश्र डबा: खान्देशी जिभेला काय झेपतं, काय नाही

परदेशी मंडळी चिनी खाऊ तोंडात टाकून चेहरे वेडेवाकडे करतात, त्या व्हिडिओंवरून हा डबा मागवायचा की नाही ते ठरवू नका. त्यांचं भांडण चवीपेक्षा चावण्याशी जास्त असतं. बुळबुळीत, चिवट, दातांत करकरणारं असं त्यांच्या ताटात फारसं येत नाही. आपलं उलट. शेवभाजीच्या तर्रीवर वाढलेल्या माणसाला यातलं तिखट किरकोळ वाटेल, पण त्या तिखटातली साखर खटकेल.

डब्यातला मुख्य ऐवज म्हणजे लातियाओ, तेलात न्हालेल्या लालभडक पट्ट्या. हा मूळचा हुनान प्रांतातल्या फिंगच्यांगचा. 1998 च्या पुरानंतर सोयाबीन महागलं, तेव्हा तिथल्या मसालेदार टोफू करणाऱ्यांनी सोयाबीनऐवजी गव्हाचं पीठ वापरायला सुरुवात केली. पीठ यंत्रातून दाबाखाली, गरम होऊन बाहेर पडतं, त्यामुळे पट्टीला आतून जाळी पडते आणि ती जाळी तेल-मसाला पिऊन बसते. पाश्चात्त्य खवय्ये दिसण्यावरून वाळवलेलं मांस समजून चावतात आणि गोड, मऊ पीठ लागलं की गोंधळतात. आपल्याला आधी गोड, मग जिरं, मग मिरची अशी चव येते. ठेच्याच्या जवळपासही जात नाही.

पाकीट फोडण्याआधी बाहेरून अर्धा मिनिट चोळा. तेल तळाशी बसलेलं असतं. तसंच फोडलं तर वरच्या पट्ट्या कोरड्या आणि खालच्या तेलात बुडालेल्या निघतात. भाकरीसोबत खाऊ नका, साखर आड येते. बारीक कापून मुरमुऱ्यांत टाका, वर कच्चा कांदा, भाजलेले शेंगदाणे आणि भरपूर लिंबू. लिंबाने तो गोडवा दबतो, आणि हे खरंच झकास लागतं.

मसाल्यात सिचुआन मिरी असेल तर ओठ झिणझिणतात. ती अॅलर्जी नव्हे. त्यातला सॅन्शूल नावाचा घटक स्पर्शाच्या नसांना चेतवतो. 2013 च्या एका प्रयोगात लोकांना ही झिणझिण सेकंदाला साधारण 50 कंपनांइतकी जाणवली होती. कोकणातलं तिरफळ याच कुळातलं, पण खान्देशी काळ्या मसाल्यात ते नसतं, म्हणून इथे पहिल्यांदा खाणारा दचकतो. पाणी पिऊन उपयोग नाही, थोडं थांबलं की आपोआप उतरतं.

कोंजॅकच्या मसालेदार पट्ट्या मात्र निम्म्या लोकांना नकोशा होतील. कोंजॅक म्हणजे आपल्या सुरणाचाच भाऊबंद कंद. त्याचं पीठ पाण्यात फुगवून चुन्याच्या निवळीने घट्ट करतात. चुना नीट धुतला गेला नसेल तर मासळीसारखा उग्र वास मागे राहतो. पट्टी वजडीसारखी दिसावी म्हणून मुद्दाम खाचा पाडतात. पाश्चात्त्य इथेच हात टेकतात. वजडी आवडीने खाणाऱ्याला हरकत नाही, बाकीच्यांनी एकच पाकीट मागवून बघावं. कंद असल्यामुळे जैन घरांत हे चालणार नाही, आणि मसाल्यात कोंबडीचा किंवा गोमांसाचा अर्क असू शकतो, तेव्हा हिरवा ठिपका बघितल्याशिवाय घेऊ नका.

हॉ फ्लेक्स, म्हणजे आंबटगोड लाल फळाच्या पातळ चकत्या, कुणालाही आवडतात; त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. पोरांच्या हाती द्या.

खारवलेला सुका प्लम हा खरा मजेचा भाग. मीठ, साखर, आंबट आणि वर ज्येष्ठमध. गोड मनुका समजून तोंडात टाकणारे थुंकतात. (डच आणि फिनिश लोक नाही थुंकत, त्यांच्याकडे खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्याच असतात.) बोरकूट, आवळासुपारी चघळणाऱ्याला हा घरचाच वाटेल. चावू नका, गालात धरा. आत टणक बी असते.

मागवताना हंगाम बघा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा 45 कडे जातो आणि कुरिअरच्या गाडीत लातियाओचं तेल खवट होतं. फोडल्यावर जुन्या तेलाचा वास आला तर चाखूनही बघू नका. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत मागवणं उत्तम. चिनी पाकिटावर बहुधा बनवल्याची तारीख असते, तीही आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी. मुदत वेगळी, महिन्यांत छापलेली असते. बनवल्याच्या तारखेलाच मुदत समजून चांगला माल फेकू नका, आणि उलटंही करू नका.

आयातदाराचं नाव, पत्ता आणि अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक असलेला स्टिकर पाकिटावर नसेल तर माल परत करा. डब्यात दुधाच्या चिनी गोळ्या निघाल्या तर विक्रेत्याला जाब विचारा: चिनी दुधात मेलामाइन हे घातक रसायन मिसळल्याचं प्रकरण उघड झाल्यावर, 2008 पासून, चीनमधून दूध आणि दुधाचे पदार्थ आणायला भारतात बंदी आहे, आणि त्यात दूध घातलेली चॉकलेटं-गोळ्याही येतात.