पॉम्स्की की क्ली काई: आम्ही काय निवडलं आणि का

बर्फावर गाडी ओढणारा, लांडग्यासारखा दिसणारा हस्की कुत्रा मनापासून आवडतो, पण पूर्ण वाढलेला हस्की ठेवायची सोय नाही, अशा घरांसाठी हे लिहितोय. गेल्या वर्षभरात सिअॅटलमधल्या ओळखीच्या तीन मराठी कुटुंबांनी मला हाच प्रश्न विचारला: पॉम्स्की घ्यावा की अलास्कन क्ली काई? दोन्ही हस्कीसारखी दिसणारी, पण लहान कुत्री. चार वर्षांपूर्वी आम्हीही याच पेचात होतो. दोन्हींच्या घरी जाऊन बसलो, पिल्लं मांडीवर घेतली, आणि शेवटी क्ली काई आणली. माझा कल कुठे आहे हे आधीच सांगितलेलं बरं. तुमची गरज वेगळी असेल तर उत्तरही वेगळं निघू शकतं.

आठ आठवड्यांची पिल्लं शेजारी ठेवली तर भल्याभल्यांना फरक सांगता येणार नाही. तेच निळे किंवा घारे डोळे, तोच चेहऱ्यावरचा मुखवटा, तीच पाठीवर वळलेली शेपटी. खरा फरक त्यांच्या मागच्या पिढ्यांमध्ये आहे, आणि पिल्लू मोठं झाल्यावर तोच आपल्या वाट्याला येतो.

पॉम्स्की म्हणजे सायबेरियन हस्की आणि पॉमेरेनियन यांचा संकर. आई बहुधा हस्की असते, कारण लहानखुऱ्या मादीला मोठ्या बापाची पिल्लं बाळंतपणात झेपत नाहीत. उंचीतल्या फरकामुळे कृत्रिम रेतनच करावं लागतं. आपल्याकडे लहानपणापासून ज्याला ‘पॉमेरियन’ म्हणत आलो, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असायचा. खरा पॉमेरेनियन जेमतेम दीड ते तीन किलोंचा. एकीकडे हा, दुसरीकडे वीस-बावीस किलोंची हस्की. या दोन टोकांमधून पॉम्स्की येतो. त्याचा बोलबाला झाला तो गेल्या पंधराएक वर्षांत, आणि त्यात फोटोंचा हात मोठा. सुरुवातीला ‘पॉम्स्की’ म्हणून जगभर फिरलेला एक फोटो तर फिनिश लॅपहुंड या वेगळ्याच जातीच्या पिल्लाचा होता.

आता आमचं गाडं कुठे अडलं ते सांगतो. आम्ही भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो आणि आमच्या करारात कुत्र्याच्या वजनाची मर्यादा २५ पाउंड आहे, म्हणजे साधारण ११ किलो. इथे भाड्याने राहणाऱ्या पुष्कळांच्या करारात असं कलम असतं. आम्ही पाहिलेलं पॉम्स्कीचं पिल्लू गोड होतं, माझ्या बायकोच्या ओढणीचं टोक तोंडात धरून झोपून गेलं होतं. मी विकणाऱ्या बाईंना विचारलं, मोठेपणी किती भरेल? त्या म्हणाल्या, १५ ते ३० पाउंड, अंदाजे. मी म्हटलं, २५ च्या आत राहील असं लिहून द्याल का? नाही म्हणाल्या. कागद पाहिला तर तिथेही तोच शब्द, ‘अंदाजे’. माझ्यासाठी सगळं त्या एका शब्दापाशी येऊन थांबलं.

बाईंना दोष देणार नाही. त्या प्रामाणिक होत्या, त्यांना खरंच सांगता येण्यासारखं नव्हतं. थेट हस्की आणि पॉमेरेनियन यांची पिल्लं बऱ्यापैकी मधल्या मापाची निघतात. पण पॉम्स्कीला पॉम्स्की लावला की आजी-आजोबांचे गुण पुन्हा फुटतात. एकाच वेतात एक पिल्लू आजोबांवर जाऊन पाच किलोंवर थांबतं, त्याचाच भाऊ आजीवर जाऊन पंधरा किलोंचा होतो. आम्ही पाहिलेलं पिल्लू याच दुसऱ्या पिढीतलं होतं. ओळखीच्या एका कुटुंबाचा पॉम्स्की दीड वर्षाचा होईपर्यंत १४ किलोंचा झाला. त्यांना इमारतीच्या ऑफिसातून पत्र आलं आणि करार संपताच घर बदलावं लागलं. कुत्रा गुणी होता, तरी त्या घरात सहा महिने रोज त्याच्या वजनाचाच विषय असायचा. मुलगी त्याच्या खाण्याची वाटी हातात घेऊन रडताना मी पाहिलीय.

हे सगळं घडत असताना मी क्ली काईचा इतिहास वाचायला घेतला, आणि तिथे मला उत्तर सापडलं असं वाटतं. १९७० च्या दशकात अलास्कातल्या वासिला गावच्या लिंडा स्पर्लिन ओक्लाहोमात नातेवाइकांकडे गेल्या होत्या. तिथे हस्की आणि कुठल्याशा लहान कुत्र्याच्या, कुणी न ठरवता झालेल्या संबंधातून जन्मलेलं एक छोटं जनावर त्यांनी पाहिलं. रूप हस्कीचं, आकार खेळण्यासारखा. ते त्यांच्या मनात बसलं. त्याला घेऊन त्या अलास्काला परतल्या आणि पुढे कुटुंबाच्या मदतीने हेच रूप पिढ्यान्‌पिढ्या टिकेल अशी जात घडवायला लागल्या.

त्यांनी सायबेरियन आणि अलास्कन हस्की घेतले, आणि आकार उतरवण्यासाठी शिपर्की व अमेरिकन एस्किमो. शिपर्की बेल्जियमचा, काळा, चलाख, कालव्यातल्या बोटींवर राहणारा कुत्रा. अमेरिकन एस्किमोचा एस्किमो लोकांशी काहीच संबंध नाही. तो मुळात जर्मन स्पिट्झ, पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जर्मन नाव नकोसं झालं म्हणून बदललेलं. ही निवड मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. कुत्रा बुटका करायचा एक झटपट मार्ग असतो, खुजेपणा आणणारा. पाय आखूड होतात, धड तसंच राहतं, डॅशहुंडसारखं. उंची कमी होते, पण हस्कीपण जातं. लिंडाबाईंनी तो मार्ग टाळला. त्यांना सगळ्या अंगाने, प्रमाणात लहान झालेला हस्की हवा होता. त्यासाठी एकेका वेतातून हव्या त्या ठेवणीची पिल्लं निवडायची, ती मोठी होईपर्यंत थांबायचं, मग पुढची जोडी ठरवायची. वर्षानुवर्षं हे घरच्या घरी चाललं. १९८८ साली त्यांनी ही कुत्री पहिल्यांदा बाहेरच्यांना द्यायला सुरुवात केली.

अथबास्कन भाषेतल्या शब्दांवरून ‘क्ली काई’ हे नाव घेतलं, अर्थ सांगतात ‘छोटा कुत्रा’. पुढे माणसांत फाटाफूटही झाली: १९९५ मध्ये अलास्कन क्ली काई आणि नॉर्थ अमेरिकन क्ली काई असे दोन गट पडले, २००२ मध्ये पुन्हा एक झाले. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थांपैकी युनायटेड केनेल क्लबने १९९७ मध्ये जात म्हणून मान्यता दिली. अमेरिकन केनेल क्लबने २०२० मध्ये नोंदी ठेवायला सुरुवात केली, ती अजून पूर्ण मान्यता नाही. एक गोष्ट मला आवडते: वासिला हे इडिटारॉड या स्लेज (कुत्र्यांनी ओढायची बर्फगाडी) शर्यतीचं मुख्यालय असलेलं गाव. हजार मैल बर्फातून धावणाऱ्या कुत्र्यांच्या त्या गावात हा मांडीवर बसणारा कुत्रा घडला.

या सगळ्याचा माझ्या कराराशी काय संबंध? आम्ही क्ली काईची पैदास करणाऱ्या ब्रीडरकडे गेलो तेव्हा तिने आधी पिल्लू दाखवलंच नाही. जेवणाच्या टेबलावर वही उघडली आणि चार पिढ्यांची खांद्यापर्यंतची उंची दाखवली. आई १३ इंच, बाप १५, आजोबा साडेचौदा. या जातीत उंचीवरून तीन गट आहेत: १३ इंचांपर्यंत टॉय, त्यापुढे १५ पर्यंत मिनिएचर, १५ ते १७ स्टँडर्ड. ती म्हणाली, ही मिनिएचर होईल, चुकलं तर थोडी वर जाईल. टॉयच्या पोटी स्टँडर्डही येतो, हे तिने लपवलं नाही. पण इथला स्टँडर्डसुद्धा साधारण दहा-साडेदहा किलोंवर थांबतो. म्हणजे अंदाज चुकला तरी माझ्या कलमाच्या आतच चुकणार होता. आमची चिंगी आज साडेचौदा इंच आणि ६.४ किलो आहे.

आता क्ली काईच्या अडचणी, कारण त्या खऱ्या आहेत. पहिली म्हणजे वाट पाहणं. आम्हाला चौदा महिने थांबावं लागलं. पैसेही पॉम्स्कीपेक्षा जास्त पडले, निदान आम्हाला. दुसरी म्हणजे मोजक्या कुत्र्यांपासून सुरू झालेली जात असल्याने काही दुखणी वंशात फिरतात. रक्त गोठायला मदत करणारा ‘फॅक्टर सात’ हा घटक काही कुत्र्यांत कमी असतो. एरवी कळतही नाही, पण ऑपरेशनच्या वेळी रक्त लवकर थांबत नाही. जनुकीय तपासणीत हे आधीच समजतं. दोन्ही पालकांचे निकाल पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

तिसरी अडचण आपल्यासारख्या घरांसाठी सगळ्यात मोठी. क्ली काई घरच्यांवर जीव टाकतो आणि परक्यांपासून दूर राहतो. आमच्या घरात माणसांचा राबता आहे. गणपतीत तीस माणसं येतात, तेव्हा चिंगी दीड दिवस कपाटामागे असते. माझी आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली तेव्हा चिंगीने अकरा दिवस तिला जवळ येऊ दिलं नाही. आई खोलीत आली की ती बाहेर. आईला वाईट वाटायचं. बाराव्या दिवशी सकाळी आई पोळ्या लाटत होती, चिंगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि पुढचे दोन पाय आत ठेवून बसली. आईने तिच्याकडे न बघता पोळीचा तुकडा जमिनीवर सरकवला. चिंगीने तो मागे ओढून नेऊन खाल्ला. आठवडाभर हेच चाललं. त्यानंतर आई परत जाईपर्यंत चिंगी तिच्या पायाशी झोपली. पिल्लूपणी भरपूर माणसं दाखवली तर हा बुजरेपणा कमी होतो, पूर्ण जात नाही. मी भेटलेले पॉम्स्की याबाबतीत पुष्कळ मोकळे होते. पाहुणा दारात दिसला की शेपूट हलवत पुढे. ज्या घरात रोज नवी माणसं येतात, लहान मुलांचे मित्र येतात, तिथे पॉम्स्की जास्त सुखी राहील असं मला खरंच वाटतं.

बाकी बाबतीत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. केस दोघांचेही वर्षातून दोनदा भरमसाट झडतात. त्या दिवसांत कणीक झाकूनच ठेवावी लागते. दोघंही किंचाळतात, हस्कीसारखं गळा काढून. खार दिसली की दोघंही हाक ऐकत नाहीत, तेव्हा मोकळ्यावर पट्टा सोडू नये.

‘मग मोठा हस्कीच का नको?’ असंही एकाने विचारलं. अंगण असेल, रोज दोन तास पळायची तयारी असेल तर जरूर घ्या. पण तो कुठून आला ते लक्षात असू द्या. सायबेरियातल्या चुकची लोकांची ही कुत्री १९०८ मध्ये विल्यम गूसाक नावाच्या व्यापाऱ्याने अलास्कातल्या नोमला आणली आणि दोनच वर्षांत, १९१० साली, याच जातीच्या कुत्र्यांनी तिथली मोठी स्लेज शर्यत जिंकली. दिवसभर ओढत पळणं हेच त्यांचं काम होतं. सहाव्या मजल्यावर ते कुठे करणार? पुण्याचा माझा मावसभाऊ यातलं काहीही तिकडे आणायचं म्हणतो. त्याला मी नको म्हटलंय. ही दुहेरी केसांची कुत्री आहेत, आकार लहान झाला तरी अंगावरची लोकर तीच. मे महिन्यात त्यांना एसीच्या खोलीत कोंडून ठेवावं लागेल.

घर स्वतःचं असेल आणि गोतावळा मोठा असेल तर पॉम्स्की बघा, पण पहिल्या पिढीतला. दोन्ही पालक प्रत्यक्ष पाहा, फोटोवर जाऊ नका. करारात वजनाची मर्यादा असेल किंवा जागा बेताची असेल तर मी क्ली काईच सुचवेन, वाट पाहावी लागली तरी. कुणाकडेही गेलात तरी पिल्लाला हात लावण्याआधी आजी-आजोबांची उंची विचारा. पिल्लू एकदा मांडीवर झोपलं की मग हा प्रश्न तोंडातून निघत नाही.