प्रोटॉन मॅग्नेटोमीटर आणि ग्रॅव्हिमीटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

चुंबकीय क्षेत्र मोजणारा मॅग्नेटोमीटर मी सेकंडहँड घेतला. गुरुत्वाकर्षणातला बारीक फरक मोजणारा ग्रॅव्हिमीटर भाड्याने आणतो, तो विकत घ्यायची ऐपत नाही. कामं बहुतेक कर्नाटकातल्या होस्पेटच्या बाजूची, लोहखनिजाची. सराव आणि तपासणी मात्र घरच्या मैदानावर, सोलापुरात.

मॅग्नेटोमीटर म्हणजे काठीच्या टोकाला रॉकेल भरलेली बाटली आणि तिच्याभोवती कॉइल. करंट दिला की रॉकेलातल्या हायड्रोजनचे प्रोटॉन एका दिशेला वळतात, तोडला की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राभोवती डोलू लागतात. त्या डोलण्याची गती मोजायची. सोलापुरात क्षेत्र ४२ हजार नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) आसपास, म्हणजे सेकंदाला साधारण १,८०० आंदोलनं. काही सेकंदांत आकडा हजर, लेव्हल करायची भानगड नाही. पैसे वसूल होतात ते इथेच.

पण आपला काळा कातळ या यंत्राला पिसाळतो. मंगळवेढा रोडच्या माळावर दोन पावलांत शेकडो नॅनोटेस्लाचा फरक पडतो. काही जागी तर आकडाच येत नाही, कारण बाटलीच्या एका टोकाला क्षेत्र एक आणि दुसऱ्या टोकाला भलतंच. प्रोटॉनांचा ताल तुटतो आणि सिग्नल मरतो. काठी उंच केली की बरंच निभावतं. किल्लारीच्या विंधनविवरात ३३८ मीटर बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा कातळ, लागला होता. एवढ्या थराखाली खनिज असलं तरी वरच्या गोंगाटात त्याचं काय ऐकू येणार? म्हणून सोलापुरात खनिज शोधायला हे यंत्र घेऊ नका.

माळावर एका शेतकऱ्याने विचारलं, "काय ओ सायेब, पाणी किती फुटावर हाय?" म्हटलं, मामा, याला पाणी कळत नाही. "मग आमचा पानाडीच बरा की, नारळावर भागतंय त्याचं."

होस्पेटकडे याची खरी परीक्षा होते. मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असलेला पट्टेदार खडक आला की आकडे उसळतात. शेजारचं उत्तम हेमॅटाइट, तेही लोहखनिजच, मात्र जवळजवळ गप्प, कारण त्याचं चुंबकत्व फार कमी. म्हणजे यंत्र ओरडेल तिथे माल असेलच असं नाही. शिवाय आपल्याकडे चुंबकीय क्षेत्र जमिनीशी जेमतेम २० अंशांच्या आसपास कोन करतं. त्यामुळे साध्या प्रकरणात खडकाच्या दक्षिणेला चढ आणि उत्तरेला उतार दिसतो. सर्वात मोठ्या आकड्यावर बोअर मारायला निघालेल्या मालकाला हे पटवणं सर्व्हेपेक्षा अवघड.

हेमॅटाइट पकडायला ग्रॅव्हिमीटरच हवा, जड वस्तू त्याला लपत नाही. पण याचे नखरे फार. प्रत्येक जागी लेव्हल करा, वारा थांबायची वाट बघा, ट्रक जाऊ द्या, तास-दोन तासांनी बेसवर, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या जागी, परत या. आणि उंची! समजा, ५० मीटर त्रिज्येचा गोळा आहे, त्याचं केंद्र १०० मीटर खोल, घनता भोवतालच्या खडकापेक्षा घन सेंटीमीटरला १ ग्रॅमने जास्त. वर फरक मिळतो सुमारे ०.३५ मिलिगॅल (हे गुरुत्वाच्या मोजमापाचं एकक). जागेची उंची पावणेदोन मीटरने चुकली तरी फरक तेवढाच येतो. म्हणून या यंत्रासोबत चांगला सर्व्हेअर धरा, त्याच्या मजुरीत काटकसर नको. तरीही खाली लहान पण जास्त घनतेचा गोळा आहे की मोठा पण कमी घनतेचा, हे आकड्यांवरून पक्कं ठरत नाही. ते शेवटी बोअरच सांगतो.

मॅग्नेटोमीटरला दुसरा जोडीदार लागतोच: एका जागी ठेवून सतत नोंद घेणारा दुसरा मॅग्नेटोमीटर, त्यालाही बेसच म्हणतात. क्षेत्र दिवसभरात काही दहा नॅनोटेस्ला सरकतं, चुंबकीय वादळात शेकड्यांनी. विजेच्या ट्राम येणार म्हणून मुंबईतल्या कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी १९०४ मध्ये अलिबागला हलवाव्या लागल्या, तिथे तारेच्या कुंपणाशेजारी आणि चालू मोटारीजवळ आपला काय पाड? मोबाइल, किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल सगळं गाडीत ठेवायचं. एप्रिलच्या उन्हात स्क्रीन काळी पडते, तेव्हा माझं काम सकाळी अकराच्या आत संपतं.

सेकंडहँड घेणार असाल तर सेन्सर कानाजवळ हलवून बघा. आत जोरात डबडब वाजलं तर रॉकेल गळून कमी झालंय. ते स्वच्छ रॉकेलने भरून आणि सील बदलूनच भाव करा.