कॅराव्हॅनचं वायरिंग, आडगाव नाका: पाचपैकी साडेचार

गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या या दुकानाला पाटी नाही. नाशिकला आडगाव नाक्याकडे ट्रकच्या गॅरेजांची रांग आहे, तिच्यात एका ताडपत्रीखाली लोखंडी टेबल, मागे पत्र्याची खोली आणि खोलीच्या दाराला टांगलेला प्लायवुडचा तुकडा. त्या प्लायवुडवर सहा बल्ब. खूण हीच. नाव विचारलं तर आजूबाजूचे सगळे 'चाचा' एवढंच सांगतात, मीही तेवढंच सांगते.

आमच्याकडे 2014 ची बोलेरो आहे, म्हणजे नाशिकचीच लेक, आणि तिच्या मागे जोडायला ऑर्डर देऊन बांधून घेतलेली छोटी कॅराव्हॅन. दोन बर्थ, हातभर ओटा, बारा व्होल्टवर चालणारा फ्रिज. निवृत्तीच्या पैशांचं हे काय केलंत म्हणून माहेरचे अजून बोलतात. मी 31 वर्षं ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट होते. ओहमच्या नियमाचा प्रयोग किती बॅचेसना लावून दिला असेल, मोजदाद नाही. आणि तोच नियम स्वतःच्या गाडीखाली लोंबत असताना मला दिसला नाही. लाज वाटते, पण सांगून टाकलेलं बरं.

झालं असं की मागच्या श्रावणात भंडारदऱ्याला निघालो होतो. घोटी सोडली, बारी गावाकडची वळणं लागली, अंधारून आलेलं, पाऊस. मागचा जीपवाला हॉर्न देऊन देऊन शेवटी पुढे आला आणि काच खाली करून म्हणाला, "मावशी, इंडिकेटर दिला की तुमचं मागचं सगळंच लुकलुकतंय." उतरले. हे पुढे ब्रेक दाबून बसले, मी मागे छत्री घेऊन उभी. पार्किंगचे दिवे चालू ठेवून ब्रेक दाबला तर ब्रेकचा दिवा विझत्या निखाऱ्यासारखा. त्यावर डावा इंडिकेटर दिला की सगळेच मंद-तेज, मंद-तेज. गंमत म्हणजे सरळ रस्त्यावर बऱ्याचदा सगळं ठीक. वळणावर किंवा खड्ड्यात गाडी आदळली की पुन्हा तमाशा.

पुढचे तीन आठवडे मी जे केलं ते करू नका. ज्यांनी हुक बसवून वायरिंग केलं होतं, त्यांनी फोनवरच सांगितलं, "पाणी गेलं असेल, वाळू द्या." दुसऱ्या ठिकाणी फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी डबी, बदलला. तिसऱ्या ठिकाणी सगळे बल्ब नवे टाकले आणि दिवे आणखी मंद झाले! ते दुकान ट्रकच्या सामानाचं. त्यांनी सवयीनं 24 व्होल्टचे बल्ब दिले होते आणि मी टोपणावरचा आकडा वाचला नाही. कळल्यावर पुन्हा 12 चे टाकून घेतले. फिजिक्स लॅब, 31 वर्षं.

चाचांकडे एका ट्रक ड्रायव्हरनं पाठवलं. त्यांनी बल्बला हात लावला नाही. बोलेरोच्या बॅटरीच्या मायनसपासून एक लांब वायर ओढत मागे आणली, तिचा चिमटा कॅराव्हॅनच्या चॅसिसवर एका बोल्टला लावला, आणि मला म्हणाले, "ताई, आता ब्रेक मारा." सगळे दिवे लख्ख. चिमटा काढला, पुन्हा निखारे. एवढंच. तीन आठवड्यांचं दुखणं दहा सेकंदांत उघडं पडलं.

"गोळ्याला ग्रीस लावता ना?" त्यांनी विचारलं. म्हणजे गाडीच्या टो-हुकचा लोखंडी गोळा, ज्यावर कॅराव्हॅन अडकते. लावते, भरपूर. "तेच. तुमचा अर्थ ग्रीसमधून चाललाय."

अर्थ म्हणजे करंटची बॅटरीकडे परतायची वाट. गाडीचे दिवे कॅराव्हॅनला जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगात तीन नंबरची पिन अर्थची असते, पांढरी वायर. बाकी सहा पिना दिवे नेतात: एक डावा इंडिकेटर, चार उजवा, सहा ब्रेक, पाच आणि सात उजव्या-डाव्या बाजूचे पार्किंगचे, दोन मागचा फॉग. आमच्या प्लगात तीन नंबर रिकामी होती. लोखंडाला लोखंड लागतंय, बॉडी अर्थ मिळेलच, असा पहिल्या मिस्त्रींचा हिशोब. मिळत होताच, टो-हुकच्या गोळ्यावरून, जेव्हा ग्रीस आणि गंज मध्ये येत नसे तेव्हा. अर्थ तुटला की एका दिव्याचा करंट दुसऱ्या दिव्याच्या तारेतून परतीची वाट शोधतो, म्हणून एक दिला की दुसरा लुकलुकतो. बल्ब बदलून हे कसं बरं होणार?

मग मी टेबलावरच हिशोब केला, चाचांच्या चहाच्या पुड्याच्या मागे. पार्किंगचे दोन बल्ब 5-5 वॅटचे, नंबरप्लेटचा 5, ब्रेकचे दोन 21-21, एक इंडिकेटर 21. एकूण 78 वॅट, म्हणजे 12 व्होल्टला साडेसहा अँपिअर. हे जातात वेगवेगळ्या वायरींतून, पण परत येतात सगळे एकाच पांढऱ्या वायरीतून. ती अर्ध्या स्क्वेअर एमएमची टाकली तर सहा मीटरमध्ये जवळपास दीड व्होल्ट तिथेच खाल्ला जातो. अडीच स्क्वेअरची टाकली तर पाव व्होल्टाच्या आसपास. चाचांनी माझा हिशोब संपायच्या आधीच अडीचचं बंडल काढून ठेवलं होतं. त्यांना आकडा नको होता, त्यांच्या बोटांना जाडी माहीत आहे.

जुनं काम उघडलं ते बघण्यासारखं होतं. बोलेरोच्या मागच्या दिव्याच्या वायरींवर निळ्या प्लॅस्टिकच्या क्लिपा दाबून बसवलेल्या. ही क्लिप वायर न सोलता आतल्या पातीनं आवरण कापून जोड घेते. पाच मिनिटांचं काम, म्हणून सगळ्यांना आवडते. पण कापलेल्या जागेतून पाणी शिरतं. चाचांनी एक क्लिप पकडीनं फोडली आणि तळहातावर झटकली: हिरवी पूड, आणि तिच्यात तांब्याच्या चार-पाचच तारा शाबूत. बाकीच्या कधीच तुटलेल्या. त्यांनी काळी पडलेली वायर वीतभर मागे, तांबं चमकेपर्यंत कापली. मग कल्हई, त्यावर स्लीव्ह, स्लीव्हवर लायटर. अर्थसाठी चॅसिसवरचा रंग पॉलिश पेपरनं घासून लोखंड उघडं केलं, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची कडी), दातेरी वॉशर, बोल्ट, आणि वरून पुन्हा रंगाचा हात.

शेवटी प्लायवुड खाली उतरलं. त्याची शेपूट गाडीच्या सॉकेटात लावायची आणि आत बसून एकेक बटण दाबायचं. सहा बल्बांखाली सहा नावं, रंगानं हातानं लिहिलेली. कॅराव्हॅन न जोडताच कळतं की दोष गाडीत आहे की मागे. मला असली पाटी घरी हवी आहे. मागितली तर हसले.

आता निवडीचं. मी ऑनलाइन 13 पिनांचा सॉकेट मागवून नेला होता. कागदावर तोच चांगला: रिव्हर्सचा दिवा आठवर, कायमचा प्लस नऊवर, किल्ली फिरवल्यावर येणारा प्लस दहावर, आणि या दोघांचे अर्थ वेगळे, तेरा आणि अकरा. फ्रिज आणि कॅराव्हॅनमधली बॅटरी एकाच प्लगातून निघाली असती. चाचांनी तो उलटसुलट करून पाहिला, कौतुक केलं आणि विचारलं, "सिन्नरला तुटला तर कोण देईल?" सात पिनांचा ट्रॉलीवाल्यांकडे कुठेही मिळतो. त्यामुळे दिव्यांसाठी सातच ठेवला, आणि बॅटरीसाठी वेगळा, दोन पोलांचा 50 अँपिअरचा करडा कपलर, जाड केबल, पुढच्या बॅटरीला लागूनच फ्यूज, आणि इंजिन चालू असेल तरच जोडणारा रिले. हा सल्ला मला पटला, तरी तेरा पिनांचा सॉकेट कपाटात पडून आहे याचं दुःख आहेच.

हे आमच्या जुन्या बोलेरोला जमलं. माझा भाचा त्याची नवी गाडी घेऊन गेला तर त्याला चाचांनी परत पाठवलं. नव्या गाड्यांत दिव्यांवर कॉम्प्युटरची नजर असते, मधूनच वायर टोचली की एरर देतो. तिथे वेगळं मॉड्यूल लागतं, जे गाडीच्या दिव्यांकडून फक्त इशारा घेतं आणि करंट थेट बॅटरीतून. बॅटरी चार्जिंगलाही काही गाड्यांत नुसता रिले पुरत नाही, डीसी-डीसी चार्जर लागतो. "माझं काम नाही," म्हणाले. भाचा नाराज झाला, माझा विश्वास वाढला.

एकूण 5,400 रुपये झाले, त्यातली मजुरी 2,000. अर्धा स्टार कापला तो असा: पक्कं बिल नाही, कार्ड चालत नाही, बसायला एकच स्टूल आणि त्यावर बहुतेक वेळा बॅटरी. 'दुपारपर्यंत' म्हणजे दिवेलागण. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, बंद असतं. शिवाय गाडी आणि कॅराव्हॅनमधली केबल त्यांनी लांब ठेवली होती. मी ती आखूड करायला पिळून ठेवायचे, त्यावर मला रागावले: पीळ दिला की आत तारा तुटतात. वळताना ताण नको आणि रस्त्याला घासायला नको, एवढा झोळ ठेवायचा.

निघताना म्हणाले, एक मीटर घ्या. सगळे दिवे लावून एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं कॅराव्हॅनच्या चॅसिसला. अर्ध्या व्होल्टाच्या वर गेलं तर या. या जुलैत इगतपुरीच्या पावसात दोन दिवस भिजून आलो आणि मोजलं: 0.3. सांगायला म्हणून मुद्दाम नाक्यावर गेले. त्यांनी माझा मीटर हातात घेतला, स्वतःच्या मीटरशेजारी ठेवून एकाच बॅटरीला लावला, आणि म्हणाले, "तुमचा पॉइंट एक कमी दाखवतो, ताई."